दारातली सदाफुली आणि दवाखान्यातली सदाफुली

वनस्पती तेवढी आपली आणि ‘केमो’ परकी, असा एक समज आपल्या मराठी घरांत पक्का होऊन बसला आहे. महाराष्ट्रात तो आहेच. पण सीमेवरच्या आणि सीमेपलीकडच्या आपल्या घरांत, जिथे दोन भाषांतून दोन बाजूंनी सल्ले येत असतात, तिथे तो अधिकच घट्ट आहे. मोठ्या माणसाने स्वतःच्या जिवाच्या बाबतीत असा समज बाळगला तर तो त्याचा प्रश्न, असे एक वेळ म्हणता येईल. परंतु सहा-सात वर्षांच्या लेकराच्या दुखण्यात हाच समज जेव्हा आईबापांच्या वतीने निर्णय घेऊ लागतो, तेव्हा शहाण्यासुरत्या माणसांनी गप्प बसणे बरे नव्हे. म्हणून हा लेखप्रपंच.

निमित्त एका पत्रकाचे. इंदूरच्या आमच्या राजेंद्र नगरात गणेशोत्सवाच्या दिवसांत दारोदार एक चार पानी पत्रक वाटले गेले. मजकूर हिंदीत आणि शेवटच्या पानावर त्याचा मराठी गोषवारा. आमच्या वस्तीत मराठी घरे पुष्कळ, हे वाटणाऱ्याला नेमके ठाऊक होते. पत्रकाचे म्हणणे असे, की केमोथेरपी कर्करोगाच्या वरवरच्या पेशी मारते, ‘मूळपेशी’ तशाच राहतात आणि म्हणून आजार उलटतो. हळद, ब्रोकोली, हिरवा चहा आणि द्राक्षाची साल यांतली ‘पोषक सत्त्वे’ मात्र थेट त्या मूळपेशींवरच घाव घालतात. सबब, लहान मुलांना ‘विषारी’ औषधे देण्यापूर्वी ही सत्त्वे द्यावीत. खाली डब्याची किंमत आणि फोन नंबर. कर्करोग बरा करून देतो अशी औषधाची जाहिरात करण्यास आपल्या देशात १९५४ च्या कायद्याने बंदी आहे, ही गोष्ट छापणाऱ्याला ठाऊक नसावी किंवा फार चांगली ठाऊक असावी. कारण ‘औषध’ हा शब्द त्याने चारही पानांत कटाक्षाने टाळला होता.

या पत्रकाला नुसते ‘थापा’ म्हणून फेकून देणे सोपे आहे. पण निव्वळ थापेपेक्षा अर्धसत्य अधिक घातक असते, आणि इथे ते आहे. तेव्हा आधी त्यातले खरे काय ते पाहू.

शेतातली हरळी किंवा कुंदा ज्याने काढला आहे त्याला ही कल्पना समजावून सांगायला नको. वरून खुरपले की रान स्वच्छ दिसते. जमिनीत काशा राहिल्या की पावसाबरोबर पुन्हा उगवते. कर्करोगातही काही पेशी अशा काशांसारख्या असतात, हळूहळू वाढणाऱ्या, औषधाला दाद न देणाऱ्या आणि पुन्हा सगळा आजार उभा करू शकणाऱ्या. १९९४ साली कॅनडात टोरांटोच्या जॉन डिक यांच्या चमूने रक्ताच्या एका कर्करोगात अशा पेशी दाखवून दिल्या आणि तेव्हापासून त्यांच्यावर जगभर काम चालू आहे. हळदीतले कर्क्युमिन, ब्रोकोलीतले सल्फोराफेन, हिरव्या चहातली आणि द्राक्षातली द्रव्ये यांचा या पेशींवर परिणाम होतो, असेही प्रयोगशाळेत अनेकदा दिसले आहे. इथपर्यंत पत्रक खोटे बोलत नाही.

आता ते काय सांगत नाही ते पाहा. प्रयोगशाळेत म्हणजे काचेच्या बशीत. बशीतल्या पेशींवर द्रव्य थेट ओतता येते, हवे तेवढे ओतता येते. मुलाच्या पोटातून ते रक्तात आणि रक्तातून अस्थिमज्जेत पोचावे लागते. हळदीत कर्क्युमिन असते साधारण तीन टक्के. माणसांवरच्या प्रयोगात रोज ८ ग्रॅम शुद्ध कर्क्युमिन देऊन पाहिले गेले. हळदीच्या हिशेबात हे झाले पाव किलोहून अधिक, तेही दररोज. एवढे देऊनही रक्तात ते सापडले नॅनोग्रॅमच्या मापात, म्हणजे बशीत जेवढ्याने पेशी मेल्या त्याच्या कितीतरी खाली. आतडे ते पुरते शोषत नाही आणि जे शोषले जाते त्याची यकृत लगेच विल्हेवाट लावते. बशीत पेशी मारणे ही मुळात फार मोठी गोष्ट नव्हे. ते काम फिनाईलही करते. पेशी मारायच्या आणि मूल वाचवायचे, ही खरी परीक्षा आहे. मुलांच्या कर्करोगात या परीक्षेला हळद, ब्रोकोली किंवा चहा आजवर उतरलेले नाहीत.

आणखी एक. लहान मुलांत सर्वांत जास्त आढळणारा कर्करोग म्हणजे लिम्फोब्लास्टिक प्रकारचा रक्तकर्करोग. त्यात काशा वेगळ्या आणि पाने वेगळी अशी सरळ वाटणी दिसत नाही. निरनिराळ्या अवस्थांतल्या पेशी आजार पुन्हा उभा करू शकतात, असे उंदरांवरच्या प्रयोगांत आढळले आहे. म्हणजे पत्रकवाल्याने एका आजारातली कल्पना उचलून दुसऱ्याला चिकटवली. आणि गंमत पाहा, ज्या आजाराला तो ‘मुळापासून न जाणारा’ म्हणतो, तो श्रीमंत देशांत आज शंभरांतल्या सुमारे नव्वद मुलांत पूर्ण बरा होतो. त्याच ‘विषारी’ औषधांनी!

पण ही ‘विषारी’ औषधे येतात कुठून? इथे मला सदाफुलीची साक्ष काढायची आहे. हिंदीत तिला सदाबहार म्हणतात, गुजरातीत बारमासी. आपल्या तुळशीजवळ, कुंपणाशी, शाळेच्या आवारात जांभळी-पांढरी फुलणारी हीच ती. मूळची मादागास्करची. मधुमेहावर तिचा काढा घेण्याची चाल अनेक देशांत होती. कॅनडातल्या रॉबर्ट नोबल यांच्याकडे जमैकाहून तिची पाने आली तीही मधुमेहाची म्हणूनच. साखर काही उतरली नाही. पण उंदरांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी मात्र झपाट्याने घटल्या. नोबल आणि चार्ल्स बीअर यांनी १९५८ साली त्यातून व्हिन्ब्लास्टिन वेगळे केले. पाठोपाठ व्हिंक्रिस्टिन आले आणि १९६३ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. आज जगात कुठेही मुलाला हा रक्तकर्करोग झाला, की उपचाराच्या सुरुवातीच्या टप्प्यात त्याच्या शिरेत जे औषध जाते, ते हे व्हिंक्रिस्टिन. एक ग्रॅम मिळवायला शेकडो किलो वाळलेली पाने लागतात आणि एका मुलाची एका वेळची मात्रा एक-दीड मिलिग्रॅमच्या आसपास असते, तीही शरीराच्या पृष्ठभागाचे माप काढून. किंचित जास्त झाली तर हातापायांच्या नसा दुबळ्या होतात. चुकून मणक्यात टोचली गेली तर जीव जातो. मग दारातल्या सदाफुलीचा मूठभर पाला उकळणाऱ्याने कोणते माप काढलेले असते?

सदाफुली एकटी नाही. कोकणात आणि घाटमाथ्यावर नरक्या नावाचे झाड आहे; त्याची चोरटी तोड आणि तस्करी होते अशा बातम्या अधूनमधून वाचनात येतात. का होते? कारण त्याच्या लाकडात कॅम्प्टोथेसिन असते. त्यापासून केलेली टोपोटेकान आणि इरिनोटेकान ही औषधे मुलांच्या काही गाठींवर वापरतात. हिमालयातल्या वनककडीच्या कुळातल्या द्रव्यापासून इटोपोसाइड झाले. म्हणजे ज्याला आपण ‘इंग्रजी औषध’ म्हणून नाक मुरडतो, त्यातले निम्मे कपाट जंगलातूनच आले आहे. फरक एवढाच, की दवाखान्यात पोचण्यापूर्वी झाडाला प्रश्न विचारले गेले: तुझ्यातले नेमके काय काम करते, किती दिले तर तारते, किती दिले तर मारते?

‘पोषक सत्त्व’ म्हटले की ते बाधणारच नाही, हा दुसरा भ्रम. त्याची कथा तर आपल्या परळपासूनच सुरू होते. १९२८ साली ल्यूसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टर मुंबईत आली आणि गिरणीत काम करणाऱ्या गरोदर बायांच्या जीवघेण्या पंडुरोगाचे कारण हाफकिन संस्थेत शोधू लागली. यीस्टच्या अर्काने या बाया सुधारतात असे तिला आढळले. १९३१ साली तिने ते प्रसिद्ध केले. त्या अर्कातले अज्ञात सत्त्व म्हणजेच फॉलिक अ‍ॅसिड. १९४१ साली ते पालकाच्या पानांतून वेगळे केले गेले आणि लॅटिनमधल्या ‘पान’ या शब्दावरून त्याचे नाव पडले. रक्त वाढवणारे, निर्मळ, पालेभाजीतले सत्त्व! १९४७ च्या सुमारास बॉस्टनच्या सिडनी फार्बर यांनी रक्तकर्करोगाच्या मुलांना याच सत्त्वाचे प्रकार देऊन पाहिले. आजार मंदावला नाही. उलट तो भडकला असे त्यांना दिसले. वाढत्या पेशींना हवे तेच अन्न मिळाले होते. मग फार्बर यांनी उलटा विचार केला. भीमावरमहून अमेरिकेत गेलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव आणि त्यांचे सहकारी फॉलिक अ‍ॅसिडला वाटेत अडवणारी द्रव्ये बनवत होते. त्यातले अमिनोप्टेरिन फार्बर यांनी १६ मुलांना दिले आणि १० मुलांत आजार काही काळ मागे हटला. १९४८ साली हे छापून आले तेव्हा जगाने पहिल्यांदा पाहिले, की या आजाराला औषधाने मागे रेटता येते. त्याच घराण्यातले मेथोट्रेक्सेट आजही मुलांना दिले जाते.

या कथेचा अर्थ नीट लक्षात घ्यावा. पालेभाजी वाईट असा तिचा अर्थ नाही. आजारी मुलानेही ती शिजवून खावी. पण मेथोट्रेक्सेट चालू असताना कोणी ‘ताकदीसाठी’ म्हणून फॉलिक अ‍ॅसिडची भुकटी परस्पर चारली, तर तो एका हाताने दिलेले औषध दुसऱ्या हाताने पुसतो आहे. कोणते सत्त्व कोणाला पोसते हे नावावरून कळत नाही.

आणि सत्त्वापासून खरेच औषध होते तेव्हा ते कसे होते, हेही पाहू. गाजरातल्या केरोटिनपासून शरीर जीवनसत्त्व ‘अ’ बनवते आणि त्यापासून रेटिनॉइक आम्ल. १९८५ साली शांघायच्या वांग झेन्यी यांनी एका विशिष्ट जातीच्या रक्तकर्करोगाने मरणपंथाला लागलेल्या पाच वर्षांच्या मुलीला हे आम्ल दिले आणि ती वाचली. अर्धकच्च्या, बेफाम पेशी त्याने परिपक्व होतात आणि आपल्या वेळी मरून जातात. न्यूरोब्लास्टोमा नावाच्या बालकांच्या गाठीत मुख्य उपचार झाल्यावर उरलेल्या पेशींसाठी याच आम्लाचा एक प्रकार देतात. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत त्याचा फायदा सिद्ध झाला. ‘वनस्पतीतल्या सत्त्वाने कर्करोगाच्या कच्च्या पेशींवर काम केले’ असे ज्याला अभिमानाने म्हणायचे असेल त्याने हे उदाहरण जरूर द्यावे. मात्र त्यात गाजराचा रस कुठेच नाही. आहे ते शुद्ध आम्ल, मोजलेली मात्रा, ठरलेले दिवस, आणि केमोथेरपीच्या जागी नव्हे तर तिच्या जोडीने किंवा तिच्यानंतर.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला हमखास आक्षेप: ‘तुम्ही आयुर्वेदाचा आणि परंपरेचा अपमान करता.’ मुळीच नाही. १९९५ साली अमेरिकेत हळदीच्या जखम भरून काढण्याच्या गुणावर पेटंट दिले गेले तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली आपल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने ते लढवले आणि १९९७ साली ते रद्द झाले. मराठी माणसाला त्याचा रास्त अभिमान आहे. पण तो लढा कशाने जिंकला? ‘आमची आजी हळद लावायची’ एवढ्याने नाही. जुने ग्रंथ आणि छापील लेख पुरावा म्हणून पुढे ठेवले तेव्हा. ज्या परंपरेसाठी आपण परक्यांपुढे पुरावा मांडला, तिच्याच नावाने घरात पुरावा मागणाऱ्याला द्रोही ठरवायचे, हा कुठला न्याय?

दुसरा आक्षेप: ‘उपचार चालू ठेवून जोडीला घेतले तर काय बिघडते?’ पुष्कळ बिघडू शकते. व्हिंक्रिस्टिनची यकृतात विल्हेवाट लावणारी यंत्रणा काही बुरशीनाशक औषधांनी मंदावते आणि मग नेहमीचीच मात्रा मुलाला विषारी होते. भुकट्यांतली द्रव्ये त्या यंत्रणेशी काय करतील हे कोणी तपासलेले असते? शिवाय भुकटीत काय आहे तेही कळत नाही. २००४ साली अमेरिकेतल्या बॉस्टन परिसरात विकल्या जाणाऱ्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांची तपासणी झाली, तेव्हा १४ मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक निघाले. वरणातली हळद हा प्रश्न नाही. ती अवश्य घाला. प्रश्न डब्यातल्या ‘सत्त्वा’चा आहे.

तिसरा आक्षेप खरा बोचरा आहे: ‘डॉक्टर लुटतात.’ महागडे दवाखाने आहेत, उर्मट वागणूक आहे, हे मी नाकारणार नाही. पण त्याचे उत्तर भुकटी विकणारा नव्हे, कारण तोही धर्मादाय करत नाही. मुंबईच्या टाटा रुग्णालयात २००९ च्या सुमारास पाचांतले एक मूल उपचार नाकारून किंवा अर्धवट टाकून जात असे. पैसा, निवारा, जेवण आणि चुकलेल्यांचा पाठपुरावा यांची सोय लावली आणि पुढच्या काही वर्षांत ते प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास खाली आले. औषध बदलले नव्हते. आधार मिळाला होता. आपण मंडळांच्या वर्गणीतून जो आधार देऊ शकतो तो हा.

हे सारे मी पुस्तकातून सांगत नाही. माझ्या शाळेतल्या सहावीतल्या एका मुलाला हाच आजार झाला. सात-आठ महिने उपचार व्यवस्थित झाले, केस परत आले, पोरगा वर्गात येऊन बसू लागला. एके दिवशी वडील म्हणाले, “सर, रिपोर्ट नॉर्मल आलाय. आता ते विष कशाला? गोळ्या बंद करून वनस्पतीचं सत्त्व सुरू केलंय.” मी त्यांना पुष्कळ सांगितले, डॉक्टरांशी बोलायला लावले, डब्यावर त्यांचा विश्वास अधिक बसला होता. निदानाच्या वेळी अशा मुलाच्या शरीरात एक लाख कोटीच्या घरात रोगट पेशी असतात. सूक्ष्मदर्शकाखाली दिसेनाशा झाल्या तरी कोट्यवधी उरतात. पत्रकवाला ज्याला ‘मूळ’ म्हणतो ते हेच, आणि त्यासाठीच तर दोन-अडीच वर्षे गोळ्या असतात. शंभरांतल्या पाचांहून अधिक गोळ्या चुकल्या तर आजार उलटण्याचा धोका दुपटीहून अधिक वाढतो, असे अमेरिकेतल्या अभ्यासात दिसले आहे. इथे तर सगळ्याच बंद होत्या. पुढच्या वर्षीच्या हजेरीपटात त्या मुलाचे नाव नव्हते.

त्याच्या आईला शेजारणी काय म्हणत होत्या, तेही लिहून ठेवतो. “लहानपणी मॅगी दिलीस ना, म्हणून.” माता-भगिनींनो, हे धादांत खोटे आहे. बहुतेक मुलांत कर्करोगाचे बाहेरचे कारण सापडतच नाही. थोड्यांत ते अनुवांशिक असते. मोठ्यांच्या तंबाखूसारखा हा हिशेब नाही. अन्नाने आला म्हणून अन्नाने जाईल, या तर्काचा पहिला पायाच कच्चा आहे आणि तो आईच्या छातीवर उभा केलेला आहे.

२०२४ च्या नोव्हेंबरात एका माजी क्रिकेटपटूने पत्नीचा कर्करोग कडुनिंब, हळद आणि लिंबूपाणी अशा आहाराने हटला असे सांगितले, तेव्हा टाटाच्या आजीमाजी २६२ डॉक्टरांना सही करून निवेदन काढावे लागले, की संशोधन चालू असले तरी याला आज पुरावा नाही, उपचार सोडू नका. ते निवेदन इंग्रजीत किती जणांनी वाचले आणि तो दावा हिंदीत, मराठीत व्हॉट्सअ‍ॅपवर किती जणांना पोचला, याची तुलना ज्याने त्याने आपल्या घरातच करावी.

आणि इथेच आपल्या द्विभाषिक जिल्ह्यांचे खरे दुखणे आहे. डिस्चार्ज कार्ड इंग्रजीत, नर्सबाई बोलणार हिंदीत किंवा कन्नडात, गोळ्या देणारी आई मराठी. फसवे पत्रक मात्र तिच्या भाषेत, तिच्या दारात! पाट्यांसाठी आपण मोर्चे काढले, शाळांसाठी भांडलो. ते योग्यच होते. २०२३ साली महाराष्ट्र शासनाने ८६५ सीमागावांना महात्मा फुले जन आरोग्य योजना लागू करण्याचे ठरवले आणि कर्नाटकाने हरकत घेतली, त्यावरही आपण हिरिरीने बोललो. पण केमोथेरपीच्या मुलाला ताप आला तर किती तासांत निघायचे, कोणती गोळी कोणत्या दिवशी, हे मराठीत लिहून द्या, अशी मागणी आपल्या कोणत्या मंडळाने, कोणत्या संमेलनाने केली? भाषेचा अभिमान आजारी लेकराच्या उशाशी उपयोगी पडणार नसेल तर तो काय फक्त व्यासपीठावर मिरवायचा?

तेव्हा माझी मागणी सरळ आहे. प्रत्येक मराठी मंडळाने, वाचनालयाने यंदा एक पान छापावे आणि बालकर्करोगाच्या डॉक्टरकडून तपासून घ्यावे. त्यात एवढेच असावे: न उतरणारा ताप, वाढता फिकटपणा, अंगावर काळेनिळे डाग, मानेत-पोटात गाठ, डोळ्याच्या बाहुलीत पांढरी चमक, सकाळची डोकेदुखी आणि उलटी यांतले काही दिसले तर काढा नव्हे, तपासणी. आजार निघाला तर सरकारी योजना कोणत्या, राहायची सोय कुठे. उपचार चालू असताना घरचे ताजे शिजवलेले वरण-भात, भाकरी, अंडी, उकळलेले पाणी. कारण कुपोषित मुलाला औषध झेपत नाही, आणि अन्नाची खरी कामगिरी ही आहे. बाकी कोणतीही भुकटी, रस, सत्त्व डॉक्टरला दाखवल्याशिवाय नाही. आणि रिपोर्ट नॉर्मल आला तरी शेवटच्या तारखेपर्यंत एकही गोळी चुकवायची नाही.

जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब सांगतो, की श्रीमंत देशांत कर्करोग झालेल्या मुलांपैकी शंभरांत ऐंशीहून अधिक वाचतात, गरीब देशांत तिसांच्याही खाली. मधली ही पन्नास मुले कोणत्या अज्ञात वनस्पतीवाचून मरत नाहीत. ती मरतात उशिरा झालेल्या निदानाने आणि अर्ध्यावर सोडलेल्या उपचाराने. यातले पैशाचे ओझे सरकारने उचलावे. अज्ञानाचे ओझे मात्र आपल्यालाच उतरवावे लागेल, आणि तेही आपल्याच भाषेत.